तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मग रोज तीन स्वयंपाक करता का?’

लिफ्टमध्ये, शाळेच्या बसची वाट बघताना, एकदा तर ठाण्याच्या गावदेवी मंडईत मेथीची जुडी हातात असताना हा प्रश्न आलाय. आमच्या थोरल्याला, वय वर्षं नऊ, आमटीत टोमॅटोचं साल दिसलं तरी ताट सरकवावंसं वाटतं. धाकटी पाच वर्षांची, तिला सगळं पांढरं लागतं: भात, दही, इडली, अंड्यातला पिवळा बलक काढून उरलेलं. मग तुम्ही रोज वेगवेगळं रांधता की काय?

आता नाही. पण दीड वर्ष रांधत होते, हे आधीच सांगून टाकते. घोडबंदर रोडची वाहतूक पार करून मानपाड्याला घरी पोचायला साडेसात. मग एकाला बटाट्याच्या काचऱ्या, एकीला दहीभात, आम्हाला भाजी-आमटी, सासूबाईंना तीच आमटी तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेली. जेवणं होईस्तोवर मला भूकच उरायची नाही.

एका शनिवारी वैतागून कालनिर्णयच्या मागच्या पानावर, पाककृतीच्या समासात, घरात कोण काय खात नाही ते लिहून काढलं. सर्वांत लांब यादी नवऱ्याची निघाली. दोडका, पडवळ, कारलं, लाल भोपळा, सुरण. लग्नाला बारा वर्षं झाली, या पाचांतली एकही भाजी आमच्या घरात शिजली नव्हती, आणि त्याला कुणी नखरे म्हटलं नव्हतं. मोठ्यांची ती ‘आवड’, पोरांचे ते नखरे! पोरांनी तरी दोडका ओळखायचा कुठून?

त्यानंतर स्वयंपाक एकच. अट एवढीच की टेबलावर प्रत्येकाला हमखास खाता येईल असं एक तरी काही हवं. धाकटीसाठी भात असतोच, थोरल्यासाठी पोळी आणि काकडी. बाकीचं मध्ये ठेवायचं, वाढायचा आग्रह नाही, ‘एकच घास’ नाही, मोबाइलवर कार्टून नाही. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं हे सूत्र आहे: काय, कधी आणि कुठे जेवायचं ते मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. ऐकायला सोपं आहे. पहिल्या तीन रात्री धाकटी नुसता भात-तूप-मीठ खाऊन उठली तेव्हा सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की विचारू नका. “अगं, पोर उपाशी झोपलं ना!” चिऊ-काऊचे घास भरवून त्यांनी दोन मुलं वाढवली, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार तरी कशी?

मदतीला आल्या आमच्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी वजनाचा तक्ता सासूबाईंच्याच पुढे ठेवला. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि नेमकी तेव्हापासून घराघरांत ‘काही खातच नाही हो’ सुरू होतं. वजन घटत असेल, खोकत-ठसकत घास अडकत असेल किंवा खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत असतील, तर मात्र घरगुती युक्त्यांत वेळ घालवू नका, असंही त्या म्हणाल्या. आणि धाकटीचं दिवसाचं तीन कप दूध एकावर आणायला सांगितलं. दुधानं पोट भरतं, लोह मिळत नाही. पंधरा दिवसांत धाकटी संध्याकाळी सहालाच ओट्यापाशी येऊन उभी राहू लागली.

नवी भाजी मुलांच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आम्ही सीकेपी, म्हणजे मासे-कोळंबी आवडीनं खाणारे, असल्यामुळे यातली निम्मी लढाई कोळंबीनं लढली. दोन्ही मुलं कोळंबीसाठी काहीही करतील, म्हणून बुधवारी दुधीत कोळंबी, शुक्रवारी शेवग्याच्या शेंगांत. आधी कोळंबी वेचून खाल्ली, मग रस्सा भातावर आला, शेंग यायला पावसाळा उजाडला. दुधी अजून ताटाच्या कडेला असतो.

लपवाछपवी एकदाच केली. लाल भोपळा उकडून पोळ्यांच्या कणकेत मळला. थोरल्याला रंगावरून कळलं आणि पुढचा महिनाभर तो प्रत्येक पोळी उजेडाकडे धरून तपासायचा. हमखास खाल्ली जाणारी गोष्टच मी हातानं घालवली होती. तोच भोपळा नंतर ‘भोपळ्याचे घारगे’ असं उघड नाव सांगून केला, तर चार खाल्ले. गूळ आणि तळण, दुसरं काय!

सगळ्यात जास्त खटाटोप वालाच्या बिरड्याचा. सोमवारी बिरडं हवं तर शनिवारी रात्री वाल भिजत घालायचे, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, सोमवारी संध्याकाळी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. हे काम मुलांकडे दिलं. दोन बोटांत दाबला की वाल सालातून सुळकन निसटतो. अर्धे ताटात, अर्धे सोफ्याखाली. सोललेला वाल पांढरट असतो, हे धाकटीच्या लगेच लक्षात आलं. तिनं शिजायच्या आधीच दोन तोंडात टाकले, कडवट म्हणून थुंकले, आणि रात्री “मी सोललेलं” म्हणत वाटीभर खाल्लं.

दोडका आता महिन्यातून दोनदा येतो. नवरा खातो, कसा, ते मी बघत नाही.

कालनिर्णयचं ते पान फ्रिजवर लावलेलं आहे. परवा त्यावर थोरल्याच्या अक्षरात पेन्सिलनं एक नवी ओळ दिसली: ‘आई – शेपू’. खरंय. मला वासानंच नको होतं, आणि पिशवी माझ्याच हातात असल्यामुळे यादीत माझं नाव कधी आलंच नव्हतं. या शनिवारी एक जुडी आणायची आहे. मुगाची डाळ घालून करेन म्हणते.