एलईडी बसवले, काढले आणि मग उजेड वाढला

उसाचा सीझन चालू झाला की आमच्या कोल्हापूर भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला एकच भीती असते, ती म्हणजे अंधारात रांगत चाललेली उसाची ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे टेललाईट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मागच्या डिसेंबरात मलकापूरकडून येताना अशीच एक ट्रॉली मला इतक्या उशिरा दिसली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी, म्हणजे शेंडे, बोनेटच्या वर आली होती. मागच्या सीटवर आई आणि पोरगी झोपलेली. घरी येईपर्यंत हात थरथरत होते आणि त्या रात्रीच ठरवलं की आता हेडलाईटचं काहीतरी करायचंच.

आमची गाडी २०१३ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. त्यात कंपनीचे साधे एच-४ हॅलोजन बल्ब, ६०/५५ वॅट, म्हणजे अप्परला (लांबचा उजेड) ६० आणि डिपरला (जवळचा) ५५. नवीन असताना उजेड बरा होता की मला तेव्हा बरा वाटायचा ते आता सांगता येणार नाही, पण अलीकडे समोर नुसता पिवळट धुरकट पट्टा पडायचा. ताशी ८० ने जाताना गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, म्हणजे ४० मीटरवर काही दिसलं तर हातात दोन सेकंदसुद्धा नाहीत. हे गणित मी त्या ट्रॉलीनंतर मांडलं आणि पोटात गोळा आला.

मग जे सगळे करतात ते केलं. ऑनलाईन रिव्ह्यू बघितले, अॅक्सेसरीच्या दुकानात गेलो, १८०० रुपयांत एलईडीची जोडी घेतली. बॉक्सवर लुमेनचे आकडे एवढे मोठे की खरे असते तर स्टेडियममध्ये लावता आले असते. दुकानातल्या पोराने वीस मिनिटांत बसवून दिले, बल्बाच्या मागे पंख्याचा डबा मोठा असल्यामुळे हेडलाईटचं मागचं रबरी कव्हर बसेना म्हणून त्याला कटरने भोक पाडलं (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). गाडी दुकानाच्या शटरसमोर उभी करून लाईट लावली आणि काय ते पांढरं शुभ्र, दिवसच उगवला. मी खूश, पैसे दिले, निघालो.

पहिले आठ दिवस मला खरंच वाटत होतं की जमलं. गाडीसमोरचा रस्ता लख्ख दिसायचा, खडीचा दाणा न् दाणा. फक्त समोरचे लोक सारखे डिपर मारायचे. मी म्हटलं मारू देत, लोकांना सवयच आहे.

मग एका संध्याकाळी मी स्कूटरवरून दूध घेऊन येत होतो. आमच्या कॉलनीचा रस्ता अरुंद, एका बाजूला गटार. समोरून एक गाडी आली आणि मला पुढचं काही म्हणजे काहीच दिसेना. रस्त्याची कड गेली, गटार गेलं, नुसता पांढरा गोळा. मी पाय टेकून जागेवर थांबलो, डोळ्यांवर हात धरला, आणि मनात त्या ड्रायव्हरला जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली, आणि आतून बायकोचा आवाज, "अहो, असे का थांबलाय मध्येच?" आमचीच गाडी. आणि लाईट डिपरवर होती, अप्परवर नव्हती. घरी आल्यावर ती म्हणाली, "मला पण सगळे डिपर मारतात हो, मला वाटायचं मीच काहीतरी चुकीचं चालवतेय." त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. मला ट्रॉली दिसावी म्हणून मी लाईट बदलली आणि रोज संध्याकाळी कितीतरी स्कूटरवाल्यांना, त्यात पुढे पोरं उभी केलेल्या बायका असतात, त्यांना मी आंधळं करत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथे एक जुने इलेक्ट्रिशियन मामा आहेत, वडिलांच्या स्कूटरपासून ओळख. त्यांनी आधी काही न बोलता दोन्ही बल्ब काढले, जुना हॅलोजन आणि नवा एलईडी, आणि शेजारी शेजारी धरून मला दाखवले. मी इतकी वर्षं गाडी चालवतोय पण एच-४ बल्ब असा नीट कधी बघितलाच नव्हता. आत दोन फिलामेंट असतात, पुढचं डिपरचं आणि मागचं अप्परचं. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते, नखाएवढी. सगळी करामत त्या वाटीची. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर जातो. भिंतीवर बघितलं तर एक सरळ रेघ दिसते, रेघेच्या वर अंधार, खाली उजेड, आणि आपण डावीकडून चालवतो म्हणून डाव्या बाजूला ती रेघ जराशी वर चढते, म्हणजे कडेचा माणूस दिसावा आणि समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये.

रिफ्लेक्टरचा एकेक पैलू त्या तारेच्या, म्हणजे फिलामेंटच्या, जागेवरून हिशोब करून बनवलेला असतो. तार बारीक, चहूबाजूंनी उजेड देणारी. एलईडीत तार नाही, एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिप चिकटवलेल्या. पट्टीला जाडी आहे, त्यामुळे उजेडाची जागा मूळ तारेपासून थोडी सरकतेच, आणि रिफ्लेक्टरच्या आत उजेड एक मिलीमीटर सरकला की रस्त्यावर कुठल्या कुठे जातो. माझ्या बल्बात वाटीच्या नावाखाली नुसता एक पत्र्याचा तुकडा होता. वर ज्या पोराने बसवले त्याने कॉलर (बल्ब अडकवायची गोल चकती) फिरवून बघितलीच नव्हती. घड्याळ धरलं तर चिप ३ आणि ९ च्या बाजूला तोंड करून पाहिजेत, माझ्या एका बाजूला त्या चक्क वर-खाली होत्या. मामा म्हणाले, "उजेड भरपूर हाय, पण त्याला वाट दावणारं कोण नाही."

रात्री पार्किंगमध्ये भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावून दोन्ही बघितले. हॅलोजनचा उजेड कमी पण रेघ स्पष्ट. एलईडीची रेघच नाही, सगळीकडे ठिपके, पार पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. आणि सगळ्यात जास्त उजेड कुठे, तर गाडीच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरात. मला जे लख्ख वाटत होतं ते हेच. जवळचं इतकं उजळलं की डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचं उलट कमी दिसतं. म्हणजे ती ट्रॉली मला कदाचित आधीपेक्षाही उशिरा दिसली असती, आणि मी मात्र आता दिसतंय म्हणून दहाने जास्त पळवली असती. हे कळल्यावर मी तिथेच बसलो.

पावसाची परीक्षा तर अजून व्हायची होती. आमचं मूळ गाव साखरप्याजवळ, म्हणजे आंबा घाट उतरणं आलंच. जुलैत तिथे धुकं असं असतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. माझ्याकडचे एलईडी ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे (हॅलोजन साधारण ३२०० चा असतो, पिवळसर). अशा फुटलेल्या उजेडाचा बराच भाग रेघेच्या वर जातो आणि धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो. मामांनी तर डाव्या दिव्याच्या आत जमलेला ओलावाही दाखवला. ते भोक पाडलेलं रबरी कव्हर. हॅलोजन पुढच्या बाजूला तापतो त्यामुळे आतली वाफ सुकून जाते, एलईडी मागच्या बाजूला गरम होतो, काच थंडच राहते, वाफ तिथेच बसते. आणि हो, लाईट लावली की एफएमला खरखर यायची, त्याचं कारणही त्याच बल्बाचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, निघालं.

मग उजेड वाढवायचा कसा? मामांनी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, लाईट चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बाच्या होल्डरवर १२.३. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत गायब. दहा-बारा वर्षांची बारीक वायर, स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जाऊन परत येणारी, गंजलेला कपलर (वायर जोडायचा सॉकेट), सैल अर्थिंग. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड १० टक्के नाही, जवळपास ३० टक्के पडतो. माझा तर १३ टक्के कमी होता, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त उजेड बल्बापर्यंत पोचतच नव्हता आणि मी बल्बाला नावं ठेवत होतो.

त्यांनी रिले टाकला, म्हणजे छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज लावून थेट जाड वायर, सिरॅमिकचे होल्डर, नवीन अर्थिंग, जुना कपलर फक्त रिलेला सिग्नल देतो. आता होल्डरवर १३.८ येतात. बल्ब चांगल्या कंपनीचे नवे, पण ६०/५५ वॅटचेच. (१००/९० वॅटचे घ्यायला दुकानदार सांगतो, घेऊ नका, साध्या वायरिंगवर होल्डर वितळलेले मी मामांच्या डब्यात डझनभर बघितले.) बल्बाच्या काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून काच तिथे खराब होते.

हेडलाईटची पुढची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने पिवळं पडतं. रविवारी मी आणि पोरीने मिळून ती पाण्याने भिजवत ८०० नंबरच्या पेपरने, मग १५००, मग २००० ने घासली. घासताना पांढरं दुधासारखं पाणी येतं आणि मध्ये एकदा वाटतं आता वाट लागली, काच पूर्ण आंधळी दिसते, पण कंपाऊंड मारल्यावर हळूहळू आतला बल्ब दिसायला लागतो. पोरगी म्हणाली, "पप्पा, गाडीचा मोतीबिंदू काढला." वरून यूव्हीचा कोट मारायचा, नाहीतर वर्षभरात परत पिवळी.

शेवटी फोकस सेटिंग. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस, लेव्हलिंगचं, म्हणजे हेडलाईटचा उजेड वर-खाली करायचं, बटण शून्यावर. बल्बाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर होता, तर १० मीटरवरच्या भिंतीवर ती रेघ ६० वर यायला पाहिजे. म्हणजे उजेड साधारण ७० मीटरवर जाऊन रस्त्याला टेकतो. माझा उजवा दिवा चक्क ४० वर होता! म्हणजे इतके दिवस मी २३-२४ मीटरवर रस्ता उजळत होतो. दोन स्क्रूचं काम. मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ते बटण १ किंवा २ वर करायचं, बहुतेक लोकांना ते बटण कशाचं आहे हेच माहीत नसतं, कृपया आजच बघा.

सगळा खर्च एलईडीच्या जोडीपेक्षा थोडाच जास्त आला. एलईडी वाईट असं माझं म्हणणं नाही, कंपनीतून एलईडीसाठीच बनवलेला हेडलाईट असेल तर उत्तमच. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्ब हॅलोजनच्या जागी बसवायला परवानगी आहे, पण ती ठराविक बल्बाला, ठराविक मॉडेलच्या गाडीत तपासून. आपल्याकडे तशी सोय नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे. मला दंडापेक्षा त्या स्कूटरवाल्यांचं जास्त वाटतं.

गेल्या महिन्यात रात्री परत मलकापूरवरून आलो. एक ट्रॉली दिसली, लांबूनच, आधी चाकं आणि मग उसाची कड. आरामात स्पीड कमी केला, अप्परवरून डिपरवर आलो, ओव्हरटेक केलं. समोरून आलेल्या एकानेही डिपर मारला नाही. पुढच्या रविवारी भावाची गाडी घेऊन मामांकडे जायचंय, त्याच्यात प्रोजेक्टर, म्हणजे भिंगाचा हेडलाईट, आहे आणि त्याने पण एलईडी टाकलेत, भिंतीवर काय दिसतं ते बघून लिहितो.