बुटावरच्या दोन खुणा

पुण्यात रायडिंग गिअरच्या, म्हणजे मोटरसायकलवर घालायच्या हेल्मेट, जॅकेट, बुटांच्या दुकानात मी फिटिंग बघतो. माल खपवणं इतर पोरांकडे. अंगावर चढवलेली वस्तू जागेवर बसते की नाही, ते माझ्याकडे. त्यामुळे पडून आलेली माणसंही माझ्याच टेबलाशी येतात. त्यांचं गिअर हातात घेतलं की पडताना काय झालं असेल ते बऱ्यापैकी कळतं. पावसाळा संपता संपता आलेलं एक गिऱ्हाईक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

चाळिशीतले गृहस्थ, काखेत कुबड्या, बरोबर बायको आणि तिच्या हातात भलीमोठी पिशवी. हिमालयन ४५० ही मोटरसायकल चालवतात. वेल्ह्याकडे एका ओढ्यातून गोट्यांवर चढताना पुढचं चाक सटकलं, गाडी डावीकडे कलली आणि ते तिच्याखाली सापडले. वेग जवळजवळ नव्हताच. डाव्या गुडघ्याच्या वाटीला तडा, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलेलं. पायात नी-गार्ड होता, ऑनलाइन मागवलेला, त्यावर लेव्हल २ चा, म्हणजे वरच्या दर्जाचा शिक्का. त्यांचं मागणं एवढंच होतं: "हा गार्ड सदोष आहे असं मला कागदावर लिहून द्या." विकणाऱ्याकडे तक्रार करायची होती.

पिशवीतलं सगळं टेबलावर मांडलं. हेल्मेटचं पीक, म्हणजे कपाळावर पुढे आलेली झापड, तुटलं होतं. ते तुटायलाच हवं. त्याचे स्क्रू नरम असतात, ते दगडात अडकून मान पिरगाळली जाऊ नये म्हणून. जॅकेटला चिखलाखेरीज काही नव्हतं.

मग बूट. हे आमच्या दुकानातले. ते घेतले तेव्हा सर खरं तर जॅकेटसाठी आले होते, पायात ट्रेकिंगचे बूट, "हेच चालतील" म्हणत होते. जॅकेट हलकं घ्या आणि वाचलेले पैसे बुटात घाला, असं मी धरून बसलो होतो. मालकांना ते आवडलं नव्हतं. जॅकेटवर फायदा जास्त, आणि फोटोत दिसतं तेही जॅकेटच. पण त्याच्या लेबलवरचे ए, डबल ए, ट्रिपल ए हे वर्ग मुख्यतः डांबरावरून घसरताना कापड किती टिकतं ते सांगतात. दगडात माणूस फरपटत जात नाही, जागच्या जागी कोसळतो आणि १९६ किलोची गाडी त्याच्या पायावर येते. खाली धोंडा, वर गाडी, मध्ये घोटा.

बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली चार आकडे. प्रत्येक आकडा १ किंवा २. पहिला उंचीचा, दुसरा घासण्याचा, तिसरा कापण्याचा आणि चौथा आडव्या दाबाचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबल्यावर बूट किती चेपतो त्याचा. दगडात जाणाऱ्याने तो चौथा आकडा आधी बघावा. आमच्या दुकानातली पोरं गिऱ्हाइकाला बुटाचा रंग दाखवतात, वॉटरप्रूफ आहे म्हणून सांगतात, पण हा आकडा दाखवत नाहीत. याचा मला राग येतो आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवतो.

त्या डाव्या बुटाच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या बरोबर वर, बोटभर लांब पांढरट ओरखडा होता आणि त्यात काळ्या पाषाणाची पूड बसली होती. आतल्या अंगाला फूटपेगच्या, म्हणजे गाडीवर पाय ठेवायच्या खुंटीच्या दात्यांचे खळगे, एका ओळीत. मी एक अंगठा ओरखड्यावर आणि दुसरा खळग्यांवर ठेवला आणि मॅडमना दाखवलं, "सरांचा घोटा या दोन अंगठ्यांच्या मध्ये होता." त्या काही बोलल्या नाहीत, बूट हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिल्या. वरून दुसरं बकल वाकलं होतं. घोट्याला साधी सूजही आली नव्हती. आपल्या कामाचं चीज झालं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

आणि मग गार्ड. त्याची कडक वाटी जवळजवळ कोरी होती. पँट मात्र गुडघ्यावर अस्तरापर्यंत फाटलेली. दोन्ही एकमेकांवर ठेवले की हिशेब लागतो: दगड लागला तिथे गार्ड नव्हताच. खरचटल्याची खूण होती ती फक्त गार्डच्या वरच्या काठावर. गार्डची वाटी नडगीवर उतरली होती आणि गुडघा उघडा पडला होता.

का उतरली तेही दिसत होतं. वेल्क्रोत कुसळं आणि सुताचे धागे गच्च भरलेले, त्यामुळे पकड गेलेली. गार्डखाली गुळगुळीत नायलॉनची लेगिंग, त्यामुळे आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांना धरायला काही नाही. आणि गार्ड आखूड. लांब गार्डची नडगीवरची पट्टी बुटाच्या आत जाते आणि बूटच तिला धरून ठेवतो. हा बुटाच्या चार बोटं वरच संपत होता. दिवसभर पेगवर उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उभं राहायचं, त्यात घाम. गार्ड खाली येणारच.

शिक्का खोटा नव्हता. त्यासाठीच्या चाचणीत गार्डवर साधारण ५ किलोचं वजन मीटरभर उंचीवरून टाकतात, म्हणजे ५० जूलचा घाव. पलीकडे पोचणारा सरासरी जोर ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, २० च्या आत राहिला तर लेव्हल २. पण त्या वेळी गार्ड लोखंडी ऐरणीवर ठेवलेला असतो. तो दिवसभर पायावर टिकेल का, हे तो आकडा सांगत नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी बूट चढवायला लावतो, मग गार्ड, मग उठाबशा काढायला लावतो आणि शेवटी वरचा काठ धरून गार्ड खाली ओढून बघतो. सरकला तर तो गार्ड त्या माणसाचा नाही, मग शिक्का कोणताही असो. जो लेव्हल १ हलत नाही तो मी सरकणाऱ्या लेव्हल २ च्या आधी देईन.

"सदोष आहे" असं मी लिहून दिलं नाही. सर चिडले. "म्हणजे चूक माझी?" मला तसं म्हणायचं नव्हतं. विकणाऱ्याने त्यांना एस, एम की एल एवढंच विचारलं होतं. बूट किती उंच आहे, आत काय घालणार, हे कोणीच विचारलं नाही. हेल्मेटला १ जून २०२१ पासून आयएसआय सक्तीचं झालं, चौकातला पोलीसही हेल्मेट बघतो. गुडघ्याचं विचारणारं कोणी नाही. सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "लिहून दे ना, आपलं काय जातं?" मी नाही म्हटलं. चांगल्या वस्तूला खोटं नाव ठेवलं तर सर पुढच्या वेळी आणखी महाग गार्ड घेतील आणि तोही असाच सरकेल.

मग मॅडमनी विचारलं, "दादा, डॉक्टर म्हणाले बूट इतका कडक होता म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर गेला. खरं आहे का?"

याच प्रश्नाशी मी अजून अडलोय. गुडघ्याच्या वाटीचा तडा सरळ घावाचा आहे, फाटलेली पँट ते सांगते. लिगामेंटचं तसं नाही. बूट धोंड्यांत रुतला असेल आणि अंग वळलं असेल, तर मऊ बुटात घोटा मुरगळला असता. कडक बुटात पीळ वर चढतो. रायडर लोकांत हा वाद जुना आहे. आणि नी-गार्ड सरकला नसता तरी त्याने पीळ अडवला नसता. गार्ड घाव झेलतो. गुडघा वाकडा वळू न देणं हे ब्रेसचं, म्हणजे पायाला बांधायच्या बिजागरीच्या कडक आधाराचं काम, आणि चांगल्या ब्रेसची किंमत गार्डच्या कितीतरी पट. घोटा वाचवायला दिलेल्या बुटानेच गुडघ्याला किती भोगायला लावलं, हे त्या दोन खुणांवरून वाचता येत नाही. मी मॅडमना तसंच सांगितलं. हेही सांगितलं की ते खळगे बघितल्यावर मी उद्याही त्यांना तेच बूट देईन. चिरडलेल्या घोट्याने त्या ओढ्यातून वर येणं कसं असतं, ते मी दुसऱ्या लोकांच्या बाबतीत पाहिलंय.

सरांना ब्रेस लगेच हवा होता, दोन्ही पायांसाठी, पैसे द्यायला तयार. मालकांनी काउंटरवरून मान डोलावली. मी डाव्या मांडीला टेप लावून दाखवली, मग उजव्या. गुडघा बांधून ठेवला की मांडीचा स्नायू झपाट्याने उतरतो, आणि ब्रेसचं माप ठरतं ते मांडीच्या घेरावरूनच. आज घेतलेला ब्रेस पाय भरल्यावर चढणार नाही. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली की या, तेव्हा बूट घालून माप घेऊ, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. मालक संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बूट मी ठेवून घेतलाय, बकल मागवलंय.