बंदूक घासू नका!

आमच्या भंडाऱ्याकडे जुन्या मालगुजारांच्या घरात अजून एखादी भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक असते. खंडेनवमीला ती खाली उतरते, विटेच्या भुकटीनं घासली जाते, ओलं कुंकू लागतं. बंदुकीचं निम्मं आयुष्य या घासण्यात जातं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मामांकडे परवान्यावरची एक एनफिल्ड आहे, इंग्रजी फौजेची ठासणीची बंदूक, १८५३ च्या नमुन्याची. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीचं 'व्ही आर' ओळखू येतं, सालाचे पहिले तीन आकडे लागतात. चौथ्याच्या जागी बोट फिरवलं तर नुसता गुळगुळीतपणा. या नमुन्याची नळी ३९ इंची, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन खाचा. मामांची पुढून कापलेली आहे आणि खाचाही रंधून काढल्यात, छर्रे मारता यावेत म्हणून. कुंदा मानेपाशी मोडला होता, तो पितळी तारेनं आवळलाय.

अमेरिकेतल्या एनआरए या बंदूकधारकांच्या संघटनेच्या प्रतवारीत जुनी बंदूक 'एक्सलंट' ठरायला मूळ फिनिश, म्हणजे कारखान्यातला रंग-झिलई, ८० टक्क्यांहून जास्त लागतं. आमच्या पावसाळ्यात ते कुठून उरणार! त्या हिशेबानं ही तळालाच. पण ती तार काढून नवा सागवानी कुंदा बसवा, हा एका जाणकाराचा सल्ला मी मामांना ऐकू दिला नाही. तार बांधली तेव्हा बंदूक कामात होती. ती दुरुस्ती तिच्या आयुष्यातलीच आहे. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, "भाऊ, बफ मारून देतो, आरशावानी चमकन." ते मात्र नुसतं दाखवण्यापुरतं.

असं चमकवलेलं ओळखणं अवघड नाही. स्क्रूच्या भोकांच्या कडा बफनं गोल होतात, अक्षरं उथळ पडतात. वरून नवा काळा रंग चढवला असेल तर गंजानं खाल्लेल्या खड्ड्यांच्या तळाशीही तोच काळा दिसतो, म्हणजे रंग गंजानंतर आला. मूळ रंग उलट खड्ड्यात नसतो, झाकल्या कोपऱ्यात थोडा टिकलेला असतो.

करायचं तरी काय? फार थोडं. बोटाला लागणारा लाल गंज तेलाच्या चिंधीनं हळूहळू उतरवायचा, बसलेला तपकिरी थर राहू द्यायचा. एनफिल्डच्या कुंद्याला मुळात जवसाचंच तेल. आमच्याकडे धानाच्या बांधीत उतेऱ्याला, म्हणजे उभ्या धानातच, जवस पेरतात, म्हणून लोक घाणीवरचं तेल भसाभसा चोपडतात. कच्चं तेल लवकर वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं. मेणाचा पातळ हात पुरे.

आणि घोडा-चाप 'चालू' करून घेण्याची हौस तर नकोच. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली परवान्यातून सूट फक्त त्या जुन्या बंदुकांना आहे ज्या दुरुस्त करूनही चालणार नाहीत. तुमच्या भिंतीवरची बिनपरवान्याची असेल आणि मिस्त्रीनं ती चालू करून दाखवली, तर ती सूट तिला नव्हतीच हे त्यानंच सिद्ध केलं म्हणायचं.