तुम्ही विचारलंत म्हणून: सी लाल झालाय, डी रिकामा पडलाय

"भाऊ, सी ड्राइव्ह लाल झाला. डीमध्ये २०० जीबी रिकामे पडले आहेत, त्यातले थोडे इकडे सरकवून द्या ना." नागपूरच्या धरमपेठेतल्या सीए ऑफिसपासून आमच्या लेआउटमधल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा मला हाच प्रश्न असतो. लगेच पुढचा: "डेटा तर नाही ना जाणार?"

जाऊ शकतो. पण कुठे जाऊ शकतो ते एकदा नीट समजून घ्या, मग त्या वाटेला न जाताही काम होतं.

सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे आखलेले दोन भाग, म्हणजे पार्टिशन असतात. ते भाग दाखवणारं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. डीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, म्हणजे डी आखूड करा. ५० जीबी मोकळे झाले, काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसायलाही लागले. आता सी वाढवायला त्यावर राइट क्लिक करता, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकं पडलेलं. दाबलं तरी दबत नाही. मला फोन येतो तो बहुतेक इथूनच. नागपुरात हे समजावणं सोपं आहे. आपल्या भिंतीला लागून असलेला प्लॉटच घराला जोडता येतो, शेजाऱ्याच्या पलीकडचा नाही. श्रिंक केल्यावर मोकळी जागा निघते ती डीच्या उजव्या टोकाला, सी आणि डीच्या मध्ये नाही. कधी कधी सीला चिकटून एक बारकं रिकव्हरी पार्टिशनही (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला भाग) बसलेलं असतं, ते आणखी वेगळंच.

मग डी अख्खा उजवीकडे सरकवावा लागतो. डिस्क मॅनेजमेंटला ते येत नाही. जीपार्टेड नावाच्या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरला येतं: फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालू होतं. त्यात माउसने पट्टी ओढली की वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात 'अप्लाय' दाबेपर्यंत काहीच झालेलं नसतं, आणि दाबल्यावर डीमधला डेटा उचलून त्याच डिस्कवर थोडा पुढे लिहिणं सुरू होतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर याला तासन् तास लागतात. मध्येच लाइट गेली तर अर्धा डी नव्या जागी, अर्धा जुन्या जागी. उजवं टोक आत ओढणं किंवा बाहेर वाढवणं यात एवढं जोखमीचं काही नाही. जोखीम आहे ती सुरुवातच हलवण्यात.

म्हणून मी डी सरकवतच नाही. डीमधलं सगळं एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करायचं. दहा-बारा फायली उघडून बघायच्या, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा असेल तर त्या कॉपीवरून कंपनी उघडून बघायची. मग डी डिलीट करायचा, सी वाढवायचा, उरलेल्या जागेत नवा डी करून त्याला तेच अक्षर द्यायचं आणि डेटा परत आणायचा. अक्षर तेच असलं की जुने शॉर्टकट आणि टॅलीचे पाथ चालू राहतात. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं, तर विंडोजमध्ये रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (त्या भागातली दुरुस्तीची सोय) आधी बंद करून तेवढं पार्टिशन जीपार्टेडने सरकवावं आणि शेवटी ती परत चालू करावी. ते जेमतेम १ जीबीच्या आसपास असतं, फार वेळ लागत नाही.

"एक्स्टर्नल डिस्क नाही हो," असंही ऐकतो. मग हे काम करूच नका. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन आधी डिस्क घ्या.

हात लावण्याआधी डिस्कची तब्येत बघा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉशन' (सावधान) दिसत असेल तर पार्टिशनचा विषय तिथेच संपला; त्या डिस्कवरचा डेटा काढा आणि डिस्क बदला. तब्येत बरी असेल तर दोन्ही ड्राइव्हवर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्कमधल्या चुका तपासायची सोय, चालवा. बिटलॉकर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का तेही बघा. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर न विचारता चालू असलेलं एन्क्रिप्शन पुष्कळांना माहीतच नसतं. त्या कुलपाची रिकव्हरी की (उघडायचा लांबलचक आकडा) कागदावर उतरवून घ्या, आणि जीपार्टेड वापरणार असाल तर एन्क्रिप्शन आधी काढा. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं, आणि जीपार्टेड त्या ड्राइव्हला हात लावायला नकार देतं. बरोबरच आहे त्याचं.

आपल्याकडे मे महिन्याचा वेगळा विचार करावा लागतो. पारा ४५ च्या वर, संध्याकाळी वावटळ आली की लाइट गेलीच. डेस्कटॉपचा यूपीएस लाइट गेल्यावर नीट बंद करण्यापुरता असतो, तासन् तास चालण्यापुरता नाही. लॅपटॉपवर करत असाल तर बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून. जमलं तर सकाळी लवकर बसा. तेव्हा खोलीही थंड असते, डिस्कही कमी तापते.

श्रिंक करताना एक तक्रार नेहमीची: "१०० जीबी रिकामे आहेत, पण विंडोज १२ च देतंय." रिकाम्या जागेच्या पलीकडे न हलणारी एखादी फाइल बसलेली असते: हायबरनेशनची (मशीन झोपवताना मेमरी साठवणारी), पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची), नाहीतर रिस्टोअर पॉइंट (विंडोज मागच्या स्थितीत नेण्यासाठीची नोंद). या गोष्टी तात्पुरत्या बंद करून मशीन रीस्टार्ट केलं की आकडा बहुतेक वेळा वाढतो.

आणि खरं सांगू का, निम्म्या लोकांना हे काही करायची गरजच नसते. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्सची फोल्डरं प्रॉपर्टीजमधल्या 'लोकेशन'मधून डीवर न्या. विंडोज नुकतंच अपग्रेड केलं असेल तर विंडोज डॉट ओल्डचं फोल्डर (जुन्या विंडोजची मागे राहिलेली प्रत) विंडोजमधल्याच डिस्क क्लीनअपने उडवा; त्यातच कितीतरी जीबी अडकलेले असतात. एवढ्यावर सीचा लाल रंग गेला तर गेला. नाही गेला, तर एक्स्टर्नल डिस्क घेऊन रविवारी सकाळी या. चहा माझ्याकडे.