आजोबांचं नाव आणि कफर्णहूमचं जातं

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या साताऱ्याच्या चर्चचा तरुण संघ पवित्र देशाची यात्रा करून आला. जॉर्डन, इस्राएल आणि बेथलेहेम, सगळे मिळून नऊ दिवस. जायचे होते चौदा जण, गेलो तेरा, चर्चचे धर्मगुरू म्हणजे आमचे पाळकसाहेब आणि पाळकबाई धरून. चौदाव्याची गोष्ट पुढे येईलच. मी संघाची सेक्रेटरी. त्यात पतसंस्थेत नोकरीला, म्हणून कागदपत्रांचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुठल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलामुलींना जायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ठरलं ते २०२१ च्या नाताळात. रात्री घरोघर गाणी म्हणत फिरताना एका आजींनी विचारलं, "तुम्ही बेथलेहेम बेथलेहेम गाता, ते बघितलंय का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. मंडळीतल्या आजवरच्या लोकांपैकी दोनच जण जाऊन आले होते, तेही निवृत्त झाल्यावर, फंडाच्या पैशातून. आम्ही पंचविशीतले. कुणी एमआयडीसीत, कुणी गॅरेजमध्ये, दोघी नर्सिंगला. तामिळनाडू आणि आंध्रमध्ये या यात्रेला सरकारी अनुदान मिळतं असं ऐकलं होतं. आम्हाला आमचंच बघायचं होतं.

खर्च माणशी १,२०,००० रुपये निघाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकी ठरावीक रक्कम जमा करायची असं ठरवून भिशीसारखी वही घातली. ज्याला एखाद्या महिन्यात जमलं नाही त्याचं नाव वहीबाहेर कुणी काढलं नाही. तरी पैसे कमी पडत होते. मग कापणीच्या सणाला लोक जे अर्पण आणतात त्याचा लिलाव त्या वर्षी मंडळीने आमच्यासाठी ठेवला. कोंबडा, जोंधळा, घेवडा, भोपळे, अंडी. त्याच आजींनी एक भोपळा ३०० रुपयांना घेतला आणि "परत लिलावाला लावा" म्हणून पुढे सरकवला. पुन्हा ४०० ला घेतला, पुन्हा सरकवला. तिसऱ्यांदा मात्र घरी नेला. त्या दिवशी एका भोपळ्यावर आमचे हजाराच्या वर रुपये झाले.

पैसे जमले, पण नावं जुळेनात.

चौदाही जणांचे पासपोर्ट नवे काढायचे होते. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पॅन या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखं असेल तर पासपोर्ट सुरळीत निघतो. आमच्यात असे चौघेच निघाले. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी, कुणाच्या आधारावर वडिलांचं नावच नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. पासपोर्टच्या फॉर्मवर मात्र दोनच रकाने असतात. तिथे स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात लिहायचं. आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका, पुढे व्हिसाला आणि विमानाच्या तिकिटाला त्रास होतो.

गॅरेजमधला मुलगा दहावी पास नव्हता. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर ही नोंद आली आणि तो घाबरून गेला. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठी ती नोंद असते. फिरायला किंवा यात्रेला जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही. मुंबईच्या विमानतळावर त्याला बाजूला घेऊन परतीचं तिकीट बघितलं, पाळकसाहेबांचं पत्र बघितलं आणि सोडलं.

आमचा चौदावा सोबती म्हणजे योहान नावाचा मुलगा. शाळेच्या दाखल्यावर योहान, पण आधार आणि पॅन काढताना कुणीतरी जॉन लिहून दिलेलं. दाखल्यावरही जॉन करून घेणं सोपं की आधार बदलणं, अशी चर्चा चालली होती. तो म्हणाला, "आजीने योहान ठेवलंय, योहानच राहू दे." मग प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नाव छापून घ्यायचं ठरलं. तो ऑनलाइन अर्ज मी भरला. रात्री साडेअकराला, दिवसभर मार्चएंडसारखं काम करून आल्यावर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एच आणि ए यांची अदलाबदल झाली आणि ते तसंच छापून आलं. पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं, त्यानंतर आधार, त्यानंतर पासपोर्ट. व्हिसाची फाइल डिसेंबरच्या शेवटी द्यायची होती, तोवर त्याची तारीखसुद्धा मिळाली नाही. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. लिलावाच्या दिवशी सकाळी सहापासून मांडव घालणारा तो होता. राजपत्राचं ते पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे. अर्ज भरून झाला की दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, एवढं मात्र कळकळीने सांगते.

एजंटने आधीच बजावलं होतं की तरुणांचा गट असला की व्हिसाला जास्त चौकशी होते, कारण यात्रेला म्हणून जाऊन तिथेच कामाला राहणारे लोक असतात. म्हणून प्रत्येकाचं बँकेचं स्टेटमेंट, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, आणि हा आमच्या मंडळीचा सभासद आहे असं चर्चचं पत्र लागलं. पाळकसाहेब म्हणाले, "रजिस्टरात बघितल्याशिवाय मी सही करणार नाही." एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी चर्चच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं.

बाप्तिस्म्याची ती रजिस्टरं मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. कापडी पाठ, पानांच्या कडा तपकिरी, शाई फिकी पण अक्षर टपोरं. नाव, आईबापांची नावं, गाव, धंदा, तारीख, पाळकाची सही. आमच्या तारखा शोधता शोधता आम्ही मागे मागे गेलो. आजोबांचं नाव सापडलं. त्याच्या आधीच्या रजिस्टरात आजोबांच्या वडिलांचं. गाव कोरेगाव तालुक्यातलं, धंद्याच्या रकान्यात एकच शब्द, 'मजुरी'. घरी त्यांचा एक फोटोसुद्धा नाही. त्या ओळीवर मी बोट ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. एकेकाला आपापला माणूस सापडत गेला आणि खोलीत कुणी मोठ्याने बोलेना. पत्रं टाइप करायची राहिली, ती सोमवारी केली.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. मुंबईहून शारजा, तिथे विमान बदलून अम्मान. व्हिसाच्या कागदावर ज्या देशाचं नाव जॉर्डन, त्याला ते ज्या नदीवरून पडलं ती आमच्या पवित्र शास्त्रातली, बायबलमधली, यार्देन, हे बसमध्ये बसल्यावर जाणवलं. मादबाच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला खड्यांचा नकाशा आहे, त्यात यरुशलेम शहर ओळखू येतं. नबो डोंगरावरून मोशेने वचनदत्त देश बघितला. यवतेश्वराच्या घाटातून सातारा बघावा तसा आम्ही यरीहोचा सखल भाग बघितला, पण हवा धुरकट होती.

शेख हुसेन पुलावर इस्राएलची हद्द लागते. तिथे तीन तास गेले. खिडकीत माझ्याच वयाची मुलगी होती. बॅग कुणी भरली, कुणी काही दिलं का, सोबत कोण कोण. मग तिने विचारलं, "वडिलांचं नाव?" सांगितलं. "आजोबांचं नाव?" तेही सांगितलं. पाठोपाठ पणजोबांचंही सांगून टाकलं, तिने विचारलं नव्हतं. तिने मान वर करून बघितलं आणि फोटो असलेली निळी चिठ्ठी हातात ठेवली. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. ती चिठ्ठीच जपायची.

गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं सरोवर, २१ किलोमीटर लांब, १३ रुंद, आणि समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून जास्त खाली. बामणोलीला कोयनेच्या पाण्यात होडीने गेलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. होडीत पाळकसाहेबांनी टिळकांचं भजन सुरू केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ आमच्या साताऱ्यातच सुरू केला. त्यांचं भजन गालीलच्या पाण्यावर, बरोबर आणलेल्या टाळांवर म्हणताना पाळकबाईंना हुंदका आवरला नाही. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि भजन संपेपर्यंत चालू केलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त भेटलं ते कफर्णहूम, गालीलच्या काठचं जुनं गाव. तिथल्या यहुदी सभास्थानाचे खांब पांढऱ्या चुनखडीचे आहेत, चौथ्या-पाचव्या शतकातले. फोटो सगळे तिथेच काढतात. त्याच्या पायाचे दगड काळे आहेत. आजूबाजूला त्या काळच्या घरांच्या भिंती उरल्यात, त्याही काळ्याच. न घडवलेले, एकावर एक रचलेले दगड. ज्याला येशूचा शिष्य पेत्र याचं घर मानतात तेही तसंच. त्यावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च बांधलं होतं आणि आता १९९० चं नवं चर्च खांबांवर उभं आहे, त्याच्या काचेतून खालचं घर दिसतं. दगड बेसाल्टचा, असं गाइडने सांगितलं. सांगायला कशाला हवं? आमच्या गावाकडची गोठ्याची भिंत याच दगडाची आहे. अंगणात जुनी जाती मांडून ठेवली होती. आकार आपल्यापेक्षा वेगळा, पण दगड तोच, बारीक भोकाभोकांचा, ऊन लागून तापलेला. एका जात्याची कड झिजून गुळगुळीत झाली होती. मी तळहात टेकवला. आमच्या मंडळीत पवित्र वस्तूला हात लावायची, मुका घ्यायची रीत नाही, यरुशलेमच्या मोठ्या चर्चमध्येही आम्ही मागेच उभे राहिलो. इथे मात्र हात आपोआप गेला. आजीच्या जात्याची कड अशीच लागायची. कोरेगावच्या त्या 'मजुरी' लिहिलेल्या घरात असंच एक जातं असणार, आणि प्रभूने ज्या गावाला आपलं गाव केलं तिथल्या बायकाही पहाटे हेच ओढत असणार. प्रभू कुठल्या घरांतून वावरला ते मला त्या दगडावर हात ठेवून कळलं.

बेथलेहेमला तीन रात्री राहिलो. जन्मस्थानाच्या चर्चचं दार इतकं ठेंगणं आहे की पाळकसाहेबांना जवळजवळ ओणवं व्हावं लागलं. खाली गुहेत चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे. तासभर रांग, आणि समोर जेमतेम अर्धं मिनिट. आमचा गाइड तिथलाच, पिढ्यान् पिढ्यांचा ख्रिस्ती. त्याला कंदी पेढ्यांचा पुडा दिला, तर त्याने उघडून बसच्या ड्रायव्हरला आधी दिला. यरुशलेममध्ये बागेतल्या कबरेजवळ, जिला काही जण प्रभूची कबर मानतात, प्रभुभोजनाचा विधी केला. जैतुनाच्या लाकडाच्या छोट्या पेल्यांतून. पाळकसाहेबांनी तिथे योहानचं नाव घेऊन प्रार्थना केली. मी मान वर केली नाही.

परतल्यावर एक काम उरलं होतं. परदेशी टूरच्या रकमेवर तेव्हा ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, लागत होता, आमचे माणशी ६,००० गेले होते. पॅन दिला असेल तर ती रक्कम आपल्या नावावर दिसते आणि उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून परत मिळते. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, पैसे तसेच राहतात. जुलै २०२३ मध्ये मी आम्हा अकरा मुलामुलींची रिटर्न्स भरली. प्रत्येक फॉर्म योहानने माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचला. ६६,००० परत आले. ते कुणी घरी नेले नाहीत, त्याच्या नावाने ठेव केली. त्याचे स्वतःचे साठलेले पैसे होतेच.

तो पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्या मंडळीच्या गटाबरोबर जाणार होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएल आणि गाझातल्या हमासचं युद्ध सुरू झालं. त्या वर्षी बेथलेहेमला नाताळचा उत्सवसुद्धा झाला नाही. गाइडला फोन केला तर म्हणाला, बस बंद आहे, हॉटेलं बंद आहेत, पोरं घरी आहेत. दर रविवारी प्रार्थनेत आता त्याच्या घराचंही नाव असतं.

योहानचा पासपोर्ट आम्ही परत आल्यावर आठच दिवसांनी आला होता. तो २०३३ पर्यंत चालतो. ठेवीची मुदत संपली की तो पतसंस्थेत येतो, मी पावती बदलून देते, आणि सही करण्याआधी तो नाव वाचून घेतो.