फळ्यावरची उभी रेघ

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. आठवीत सर आमच्या वर्गावर आले तोवर बारा काळ तोंडपाठ होते, पण वाक्यात नेमका कुठला घालायचा म्हटलं की सगळा वर्ग गप्प. सरांनी तक्ता मिटायला लावला आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे यस्टर्डे, लास्ट वीक, अगो. उजवीकडे सिन्स, यट, सो फार. "आधी वेळेचा शब्द शोधा, मग क्रियापदाला हात लावा," असा हुकूम सुटला. डावीकडचा शब्द दिसला की हॅव-हॅज हद्दपार. मराठीत 'हा सिनेमा मी गेल्या वर्षी पाहिलाय' खुशाल चालतं; 'आय हॅव सीन इट लास्ट इयर' लिहिलं की मार्क गेलाच.

एका मुलीने विचारलं, "सर, फॉर कुठल्या बाजूला?"

सर खूश झाले. त्यांनी दोन वाक्यं लिहिली : 'ही वर्क्ड इन द मिल फॉर ट्वेंटी इयर्स' आणि 'ही हॅज वर्क्ड इन द मिल फॉर ट्वेंटी इयर्स'. शहर सोलापूर, वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील गिरणीत. "यातला उद्या भोंगा झाल्यावर कामाला कोण निघणार?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "हॅजवाला!" पहिल्याची नोकरी संपलेली, दुसऱ्याची चालू; वीस वर्षं दोघांचीही. फॉर मग त्या रेघेवरच लिहिला गेला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. माझ्या मते व्याकरणाचा तो सर्वांत चांगला तास.

हॅडसाठी दरवर्षी तीच गाडी : आम्ही स्टेशनवर पोचायच्या आत ती सुटलेली असायची. ती कुठल्याच तुकडीला कधी मिळाली नाही. 'तो येईल तेव्हा सांगेन' याचं भाषांतर करताना पोरं दोन्हीकडे विल ठोकत. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असं लिहून सर म्हणत, "इंग्रजाला भविष्य एकदाच सांगितलं की पुरतं."

आता कामानिमित्त रोज अमेरिकेतल्या लोकांशी बोलावं लागतं. ते सर्रास 'डिड यू सेंड इट यट?' विचारतात आणि 'आय जस्ट सेंट इट' म्हणतात. त्यांच्याकडे ते चालतं. सरांची लाल शाई मात्र दोन्ही वाक्यांवर फिरली असती. मी अजून 'हॅव सेंट'च लिहितो.