विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील

पाठ टाचणाच्या, म्हणजे तास कसा घ्यायचा याच्या लेखी आराखड्याच्या, कागदावर मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे अध्यापक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती. डावीकडे 'अध्यापक फलकावर आकृती काढतील' असं लिहिलं की उजवीकडे 'विद्यार्थी आकृती वहीत उतरवून घेतील' हे आपसूक येतं. आणि उजवीकडे काहीच सुचलं नाही तर एक हुकमी वाक्य असतंच, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.' बी.एड.ला असताना ते मी इतक्या वेळा लिहिलं की पेन आपोआप तिकडे वळायचं. भविष्यकाळावर इतका गाढ विश्वास ज्योतिषीसुद्धा ठेवत नसतील.

दोष सगळा माझा नाही. सराव पाठांच्या आधी सूक्ष्म अध्यापन असतं. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. एका वेळी एकच कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडी मिनिटं. आमच्या वाट्याला सहा मिनिटं यायची आणि विद्यार्थी म्हणून आमच्याच वर्गमैत्रिणी बसायच्या. इतक्या गुणी की विचारू नका! हात वर करून, उभं राहून, पूर्ण वाक्यात उत्तर. पुढच्या सहा मिनिटांत मला त्यांची विद्यार्थिनी व्हायचं असायचं, आणि परतफेड सगळ्यांनाच हवी होती.

मग सातवीचा वर्ग मिळाला. सहावा तास.

आत पाऊल टाकलं तेव्हा गलका होता. मी आल्याने तो थांबला नाही, फक्त त्याचा विषय बदलला. 'नवीन मॅडम, नवीन मॅडम!' पहिल्या बाकावरच्या एका मुलीने अगदी आपुलकीने विचारलं, "मॅडम, तुम्ही खऱ्या मॅडम आहात की शिकाऊ?" शिकाऊ चालकाच्या गाडीला निदान पाटी असते, लोक जरा अंतर राखतात. माझी पाटी चेहऱ्यावरच होती आणि अंतर कोणी राखत नव्हतं.

मी ओरडले. वर्ग माझ्या वरताण बोलायला लागला. मी आणखी ओरडले. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९०९ च्या सुमारास हे ओळखलं होतं, की आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. म्हणजे ती पोरं बंड वगैरे करत नव्हती, माझ्या आवाजातून आपलं बोलणं शेजाऱ्यापर्यंत पोचवत होती बिचारी. हे मला कळलं ते घसा बसल्यावर.

त्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा होता. नाव नको, टोकवाला म्हणू. तास सुरू झाला की साधारण दहाव्या मिनिटाला त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडायचं. कचऱ्याचा डबा पुढे, दाराशी. तिथवरची त्याची वाट सरळ कधीच नसे. एकाला टपली, एकाच्या वहीत डोकावणं, एकीचं खोडरबर या बाकावरून त्या बाकावर. डब्याशी पोचावं तर तिथे आधीच दोघं उभे, आणि तिघांत मिळून एक शार्पनर. पैज असायची ती पेन्सिलीच्या सालीची. लाकडाची ती नाजूक झालर न तुटता कोण किती लांब काढतो! मी रागवायला म्हणून जवळ गेले आणि, खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, ही तुटू नये.

खरी फजिती झाली ती प्रकाशाच्या परावर्तनाने. मी हौसेने बारा छोटे आरसे घेऊन गेले. टाचणात उजवीकडे लिहिलं होतं, 'विद्यार्थी आरशाच्या साहाय्याने परावर्तित किरणाचे निरीक्षण करतील.' केलं की! खिडकीतून ऊन येत होतं. अर्ध्या मिनिटात छतावर बारा कवडसे नाचायला लागले. तिथून पंख्यावर, पंख्यावरून फळ्यावर. मी वर्गाकडे पाठ करून 'आपाती कोन = परावर्तन कोन' लिहीत होते, तेवढ्यात मागे खसखस पिकली. वळून पाहते तो शेवटच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन बसलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंच्या चष्म्यावर एक कवडसा निवांत बसलेला. आरसा जेवढ्या कोनातून वळवावा त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो, हा माझ्या टाचणातला पाचवा मुद्दा होता. टोकवाल्याला तो न शिकवताच आला होता. मनगट एवढंसं हलवलं की कवडसा चष्म्यावरून थेट भिंतीवरच्या घड्याळावर.

बाईंनी वहीत लिहिलं, 'विद्यार्थी सहभाग उत्तम. वर्गनियंत्रण?' त्या प्रश्नचिन्हाचं टिंब इतकं दाबून दिलं होतं की मागच्या पानावर उमटलं.

मग त्यांनीच मला जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाविषयी सांगितलं. भर वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला तो रागावला, आणि ज्यांना रागावला नव्हता तेही सावरून बसले. तिथून त्याचं कुतूहल चाळवलं. पुढे त्याने शाळेतल्या वर्गांचं चित्रीकरण करून बारकाईने पाहिलं. १९७० साली त्याने मांडलं ते त्याला स्वतःलाही अनपेक्षित होतं. दंगा झाल्यावर शिक्षक काय करतो, याने वर्गावर फारसा फरक पडत नाही. फरक असतो तो आधीचा. वर्गात कुठे काय शिजतंय ते शिक्षकाला कळतं का, आणि त्याला कळतं हे मुलांना कळतं का.

मी त्याच वर्गाच्या गणिताच्या सरांच्या तासाला मागे जाऊन बसले. सर भयंकर ओरडत असणार अशी माझी समजूत होती. ते जेमतेम ऐकू येईल इतकंच बोलत होते. फळ्यावर लिहितानाही अंग अर्धं फळ्याकडे, अर्धं वर्गाकडे. लिहून झाल्यावर खडू हातात घेऊन रांगांमधून चालत आले, टोकवाल्याकडे न बघता, गणित न थांबवता त्याच्या बाकावर दोन बोटं टेकवली आणि पुढे गेले. शार्पनर मुकाट्याने दप्तरात गेलं. मी घड्याळ पाहिलं. तास सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती.

शेवटच्या सराव पाठाचं टाचण लिहायला बसले. डावीकडे लिहिलं, 'अध्यापक प्रश्न विचारून दुसऱ्या व तिसऱ्या रांगेमधून मागे जातील.' उजवीकडे पेन सवयीने 'विद्यार्थी लक्ष'पर्यंत गेलं. खोडलं आणि लिहिलं, 'एका विद्यार्थ्याच्या पेन्सिलीचे टोक मोडेल.' सही करताना बाईंचं पेन त्या ओळीवर थांबलं. माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण ओळ काही खोडली नाही.

पाठाच्या दिवशी नवव्या मिनिटाला मी त्याच्या बाकापाशी होते. बोटं टेकवायची मात्र ऐनवेळी विसरले. त्याने आपणहून पेन्सिल वर करून दाखवली. टोक शाबूत होतं, चांगलं अणकुचीदार. मग शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, आज याचं मोडलंय."